संहितेचे वाचन, नकार आणि नाटककार : डब्लिनचे ॲबी थिएटर व शॉन ओ’केसी (१९०४ ते १९३५)

प्रस्तावना

रंगभूमीचा इतिहास बहुधा प्रयोगांच्या आधारे लिहिला जातो. नाटक केव्हा रंगमंचावर आले, ते कोणी बसवले, प्रेक्षकांनी त्याचे स्वागत कसे केले, यांच्या नोंदी टिकून राहतात. परंतु प्रयोगापूर्वी प्रत्येक नव्या नाटकाला एका अदृश्य टप्प्यातून जावे लागते. लेखक आपली संहिता एखाद्या नाट्यसंस्थेच्या स्वाधीन करतो. तेथे दोन-चार माणसे ती वाचतात, तिच्याविषयी मत बनवतात आणि त्यानंतर ती तालमीसाठी नटांच्या हाती जाते किंवा ‘साभार परत’ येते. या टप्प्याचा लेखी पुरावा क्वचितच उरतो. परत गेलेल्या संहितेची दखल घेण्याचे कारण कोणालाच नसते.

डब्लिन येथील ॲबी थिएटर हा याला महत्त्वाचा अपवाद आहे. या संस्थेच्या संचालकांचे अभिप्राय, पत्रे आणि दैनंदिनी मोठ्या प्रमाणावर जतन झाल्या आहेत. त्यामुळे एकाच नाटककाराच्या संहितांना एकाच संस्थेने दिलेले नकार आणि होकार तेथे क्रमाने पाहता येतात. शॉन ओ’केसी (१८८०–१९६४) यांच्या सुरुवातीच्या संहिता या संस्थेने परत केल्या, त्यानंतरची तीन मोठी नाटके स्वीकारली आणि १९२८ मध्ये ‘द सिल्व्हर टॅसी’ हे नाटक पुन्हा नाकारले. पहिल्या नकारांतून नाटककार घडला. शेवटच्या नकाराने तो संस्थेपासून कायमचा दुरावला. दोन्ही वेळी वाचणारी प्रमुख माणसे तीच होती आणि निकषही जवळपास तेच होते. असे असताना परिणाम इतके भिन्न का झाले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

संस्था आणि निवडीचा अधिकार

१८९९ मध्ये विल्यम बटलर येट्स, लेडी ऑगस्टा ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन यांनी ‘आयरिश लिटररी थिएटर’ सुरू केले. हा उपक्रम तीन वर्षे चालला. पुढे विल्यम व फ्रँक फे या बंधूंच्या हौशी नटसंचाशी त्याची सांगड घातली गेली आणि १९०३ मध्ये ‘आयरिश नॅशनल थिएटर सोसायटी’ अस्तित्वात आली. या संस्थेची आरंभीची घटना लोकशाही स्वरूपाची होती. नवे नाटक प्रथम वाचन समितीपुढे येई आणि अंतिम निर्णय सभासदांच्या मतदानाने होई. दिवसभर दुकानांत व कचेऱ्यांत काम करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या नटांनाही संहितेच्या निवडीत अधिकार होता.

ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. ॲनी हॉर्निमन या श्रीमंत इंग्रज महिलेने डब्लिनमधील मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचे सभागृह आणि लगतची जुनी शवागाराची इमारत यांचे नाट्यगृहात रूपांतर करून दिले. २७ डिसेंबर १९०४ रोजी ५६२ आसनांचे ॲबी थिएटर सुरू झाले. नटांना वेतन देण्याची शक्यता निर्माण झाली आणि त्याबरोबर संस्थेचे स्वरूपही पालटले. १९०५ मध्ये तिची मर्यादित कंपनी झाली. येट्स, लेडी ग्रेगरी आणि जॉन मिलिंग्टन सिंग हे तिघे संचालक झाले. संहितेच्या निवडीचा अधिकार सभासदांकडून या तिघांकडे गेला. ते तिघेही स्वतः नाटककार होते. दुसऱ्याचे नाटक पारखणारे परीक्षक आपलीही नाटके त्याच रंगमंचावर आणत होते, हा आक्षेप या व्यवस्थेवर सहज घेता येतो.

या संचालकांच्या निर्णयाला आणखी एका कारणाने वजन होते. इंग्लंडमध्ये प्रत्येक नवे नाटक लॉर्ड चेंबरलेन यांच्या कार्यालयाकडून संमत करून घ्यावे लागे. ती परिनिरीक्षण व्यवस्था आयर्लंडला लागू नव्हती. म्हणूनच इंग्लंडमध्ये परवानगी नाकारलेले बर्नार्ड शॉ यांचे ‘द शूइंग-अप ऑफ ब्लँको पॉस्नेट’ हे नाटक ऑगस्ट १९०९ मध्ये ॲबीच्या रंगमंचावर होऊ शकले. मात्र १९०४ च्या परवान्यानुसार संस्थेला आयरिश लेखकांची वा आयरिश विषयांवरील नाटके आणि इंग्रजेतर परकीय कलाकृती एवढ्याच सादर करता येत. रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ १९१३ मध्ये इंग्रजी अनुवादाच्या रूपात येथे सादर झाले, ते या चौकटीत बसणारे होते. थोडक्यात, आयरिश लेखकाच्या संहितेपुढे सरकारी दरवाजा नव्हता. जो होता तो वाचकांचा.

आरंभीच्या काळात नकाराचे कारण केवळ वाङ्मयीन नसे. शॉ यांनी येट्स यांच्या विनंतीवरून ‘जॉन बुल्स अदर आयलंड’ हे नाटक लिहिले. परंतु नव्या संस्थेच्या साधनांना ते पेलणारे नव्हते आणि तिच्या गेलिक पुनरुज्जीवनाच्या भूमिकेशीही ते जुळणारे नव्हते. ते १९०४ मध्ये लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये झाले. ॲबीमध्ये ते १९१६ मध्ये आले. लहान संस्थेपुढे येणाऱ्या संहितेला ‘नाटक चांगले आहे काय’ या प्रश्नाबरोबर ‘ते आपल्याला करता येईल काय’ या प्रश्नालाही सामोरे जावे लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

नाटककारांसाठीचे सूचनापत्रक

संस्थेकडे येणाऱ्या संहितांचा ओघ वाढल्यावर नाटककारांना उद्देशून एक छापील सूचनापत्रक तयार करण्यात आले. लेडी ग्रेगरी यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अवर आयरिश थिएटर’ या ग्रंथात त्याचा मजकूर दिला आहे. नवोदित लेखकाला संस्थेची अपेक्षा आधीच कळवणारा हा दस्तऐवज रंगभूमीच्या अभ्यासकांनी अधिक लक्षपूर्वक पाहावा असा आहे.

पत्रकाचा आशय असा : केवळ मनोरंजनासाठी किंवा एखाद्या लोकप्रिय नटासाठी लिहिलेली नाटके पाठवू नयेत. नाटकात लेखकाच्या स्वतःच्या अनुभवावर वा निरीक्षणावर आधारलेले जीवनभाष्य असावे, किंवा सौंदर्यामुळे अथवा शैलीच्या गुणामुळे महत्त्व पावणारे जीवनदर्शन असावे. प्रचारकी आणि उघड नैतिक बोध करणारी नाटके संस्थेला नकोत. कलाकृतीचा विषय एकच असतो आणि परिणाम त्या विषयाच्या तर्कशुद्ध विस्तारातून साधावा लागतो. बाहेरून आणलेल्या घटनांनी तो साधत नाही. संवाद लिहिणे हे नाटककाराचे मुख्य कष्ट नव्हेत. संविधानक पुन्हा पुन्हा घडवून त्याला एकात्मता देणे, हे त्याचे खरे काम होय.

पत्रकाच्या अखेरीस एक व्यावहारिक सूचना आहे. मोठे नाटक पूर्ण लिहून पाठवण्यापूर्वी लेखकाने कथानकाचा आराखडा आणि पूर्ण लिहिलेला एक अंक पाठवून वाचन समितीचे मत घ्यावे, म्हणजे त्याचे श्रम वाचतील. अर्धवट लेखन पाहण्याची तयारी संस्था येथे दर्शवते. तिच्या दृष्टीने वाचन समिती हे लेखनप्रक्रियेतच सहभागी होणारे अंग आहे. या पत्रकातील तीन सूत्रे, म्हणजे अनुभव, प्रचाराचा अभाव आणि एकात्मता, पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मजूर नाटककार आणि परत आलेल्या संहिता

ओ’केसी यांचे बालपण डब्लिनच्या गरीब प्रॉटेस्टंट कुटुंबात गेले. डोळ्यांच्या दुखण्यामुळे शालेय शिक्षण तुटक झाले. त्यांनी रेल्वेत आणि इतरत्र अंगमेहनतीची कामे केली. गेलिक लीगमध्ये व कामगार चळवळीत भाग घेतला. १९१४ मध्ये ते ‘आयरिश सिटिझन आर्मी’ या कामगारांच्या दलाचे चिटणीस होते. ॲबीकडे संहिता पाठवू लागले तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती.

‘द फ्रॉस्ट इन द फ्लॉवर’ आणि ‘द हार्वेस्ट फेस्टिव्हल’ ही नाटके परत आली. त्यानंतर पाठवलेले ‘द क्रिमझन इन द ट्रायकलर’ हे नाटक १९२२ मध्ये नाकारले गेले. या तिसऱ्या नाटकाची संहिता आज उपलब्ध नाही. तिच्यावरील अभिप्राय मात्र उपलब्ध आहेत. आपल्याला न समजणाऱ्या जातीचे हे नाटक असल्याने त्याचा निवाडा करणे कठीण जाते, अशी कबुली येट्स यांनी आरंभीच दिली आणि पुढे रचना सैल आहे, कथेला अर्थ नाही, जुन्या लोकप्रिय मेलोड्रामाचीच ही नवी आवृत्ती आहे, असे कठोर मत नोंदवले. लेडी ग्रेगरी यांना नाटकातील दोष दिसले, तरी लेखकाविषयी त्यांचे कुतूहल जागे झाले. संहिता थोडी आवरून घेऊन तिचा प्रयोग करावा, म्हणजे लेखकाला स्वतःच्या नाटकाकडून शिकता येईल, असे त्यांच्या मनात होते. येट्स यांच्या विरोधामुळे तसे घडले नाही.

निर्णय नकाराचा असला तरी त्यासोबत लेखकाला एक दिशा मिळाली. तुमचे बळ स्वभावरेखनात आहे, असे लेडी ग्रेगरी यांनी ओ’केसी यांना सांगितले. मार्च १९२४ मधील त्यांच्या दैनंदिनीत या गोष्टीचा उल्लेख सापडतो. कार्यालयातील ज्या जागी त्या उभ्या होत्या ती जागाही आपल्याला दाखवता येईल, असे ओ’केसी त्यांना म्हणाले. त्या एका वाक्यामुळे आपण सिद्धान्त बाजूला सारून माणसांवर काम केले, असेही त्यांनी सांगितले. नकाराचा असा कृतज्ञ साक्षीदार रंगभूमीच्या इतिहासात विरळा.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ओ’केसी यांनी नवी संहिता पाठवली. तिचे मूळ नाव ‘ऑन द रन’ होते. ‘द शॅडो ऑफ अ गनमन’ या नावाने १२ एप्रिल १९२३ रोजी तिचा पहिला प्रयोग झाला. यादवी युद्ध अद्याप संपलेले नव्हते आणि नाटकाचा विषय होता तीनच वर्षांपूर्वीच्या स्वातंत्र्ययुद्धातील डब्लिनची चाळवजा वस्ती. हंगामाच्या अखेरीस झालेल्या मोजक्या प्रयोगांना प्रेक्षकांची गर्दी लोटली. ३ मार्च १९२४ रोजी ‘जुनो अँड द पेकॉक’ रंगमंचावर आले आणि प्रथेपेक्षा अधिक काळ चालले. आर्थिक अडचणीत असलेल्या संस्थेला या नाटकांनी मोठा आधार दिला. तीन संहिता वाचून परत करण्यासाठी खर्ची पडलेला वेळ संस्थेला असा परत मिळाला.

अनुदान आणि संहितेचे स्वातंत्र्य

१९२५ मध्ये आयरिश फ्री स्टेटच्या शासनाने ॲबीला वार्षिक ८५० पौंडांचे अनुदान मंजूर केले आणि संचालक मंडळावर शासननियुक्त सदस्य म्हणून अर्थशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ओ’ब्रायन आले. त्याच वर्षी ओ’केसी यांची ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ ही संहिता दाखल झाली. १९१६ च्या ईस्टर उठावाच्या पार्श्वभूमीवरील या नाटकात एक वेश्या हे पात्र आहे. ते पात्र, तिचे गाणे आणि काही संवाद यांवर ओ’ब्रायन यांनी आक्षेप घेतला. अनुदान धोक्यात येईल अशी भीती त्यामागे होती.

येट्स आणि लेडी ग्रेगरी यांनी ही भूमिका मान्य केली नाही. अनुदान आणि स्वातंत्र्य यांत निवड करावी लागली तर स्वातंत्र्याचीच निवड करू, असे लेडी ग्रेगरी यांनी स्पष्ट केले. काही तडजोडी झाल्या, गाणे वगळले गेले. पण ते पात्र राहिले. ८ फेब्रुवारी १९२६ रोजी नाटक सुरू झाले आणि चौथ्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, नाट्यगृहात दंगल उसळली. येट्स यांनी रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना खडे बोल सुनावले. बाहेरचा दबाव आला तेव्हा वाचन करणारी माणसे संहितेच्या बाजूने उभी राहिली, हे येथे नोंदवले पाहिजे. त्यामुळे दोन वर्षांनी घडलेली घटना अधिकच विचारप्रवर्तक ठरते.

‘द सिल्व्हर टॅसी’चा नकार

१९२६ मध्ये ओ’केसी लंडनला गेले. १९२८ च्या वसंतात त्यांनी ‘द सिल्व्हर टॅसी’ ॲबीकडे पाठवले. फुटबॉलच्या सामन्यात चषक जिंकणारा डब्लिनचा तरुण हॅरी हीगन पहिल्या महायुद्धात पांगळा होऊन परततो, अशी ही कथा. पहिला, तिसरा व चौथा अंक परिचित वास्तववादी रीतीचे आहेत. रणभूमीवरील दुसरा अंक मात्र मंत्रोच्चारासारख्या समूहपठणाने रचलेला आहे. ओ’केसी यांनी येथे जुनी वाट सोडली होती.

येट्स यांच्या एप्रिल १९२८ च्या पत्रातील युक्तिवाद सूचनापत्रकाशी ताडून पाहण्यासारखा आहे. लेखकाला महायुद्धात खरा रस नाही; तो त्या रणांगणांवर उभा राहिलेला नाही, त्या रुग्णालयांतून फिरलेला नाही; म्हणून तो आपल्या मतांतून लिहितो. नाटकाला व्यापून टाकणारे पात्र नाही, एकसंध कृती नाही. अनुभव, प्रचाराचा अभाव आणि एकात्मता ही तिन्ही सूत्रे येथे पुन्हा अवतरतात. येट्स यांनी निकष बदलला नव्हता, आणि अडचण तेथेच होती.

ओ’केसी यांचे उत्तरही त्याच निकषाला धरून होते. शेक्सपियर आपल्या नाटकांतील प्राचीन लढायांना हजर होता काय, असा प्रश्न त्यांनी केला. रणांगणावरून आलेल्या, रुग्णालयाचा निळा पोशाख घातलेल्या जखमी सैनिकांबरोबर आपण बोललो, चाललो, गायलो आहोत. हात-पाय गमावलेले, आंधळे झालेले, विषारी वायूने ग्रासलेले लोक आपण पाहिले आहेत, असे त्यांनी कळवले. सुमारे दोन लाख आयरिश माणसे त्या युद्धात सैन्यात होती. डब्लिनच्या गरीब वस्तीतील माणसाला युद्ध पाहण्यासाठी खंदकात जाण्याची गरज नव्हती. पत्रकातच ‘निरीक्षण’ हा शब्द अनुभवाच्या बरोबरीने आला होता, हे येथे आठवते.

नकाराची पद्धतही वादाचे कारण ठरली. लेडी ग्रेगरी यांनी येट्स यांचे परखड पत्र जसेच्या तसे ओ’केसी यांच्याकडे पाठवले. लेखकाने सुधारणेसाठी नाटक स्वतःहून मागे घेतल्याचे दाखवावे, असा मार्ग येट्स यांनी सुचवला. ओ’केसी यांना तो अपमान वाटला आणि त्यांनी सारा पत्रव्यवहार जून १९२८ मध्ये वृत्तपत्रात प्रसिद्ध केला. संचालकांपैकी वॉल्टर स्टार्की त्या वेळी परदेशी होते. परतल्यावर त्यांनी दोष असले तरी नाटक करावयास हवे होते, असे मत दिले. तोपर्यंत उशीर झाला होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये सी. बी. कॉक्रन यांनी ते सादर केले. दुसऱ्या अंकाचे नेपथ्य चित्रकार ऑगस्टस जॉन यांचे होते. लेडी ग्रेगरी यांनी तो प्रयोग पाहिला आणि आपण ते स्वीकारायला हवे होते, अशी खंत दैनंदिनीत व्यक्त केली. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले. ॲबीने हे नाटक अखेर ऑगस्ट १९३५ मध्ये केले, तेव्हा येट्स आणि ओ’केसी यांचा समेट झाला होता. पण ओ’केसी आयर्लंडला राहण्यासाठी परतले नाहीत.

नाकारलेल्या संहितेचे दुसरे दार

याच काळात डेनिस जॉन्स्टन या तरुण लेखकाचे एक नाटक ॲबीने परत केले. परत आलेल्या संहितेवर वृद्ध बाईंचा, म्हणजे लेडी ग्रेगरी यांचा, नकार असल्याचा शेरा होता आणि त्यावरूनच आपण नाटकाला ‘द ओल्ड लेडी सेज नो!’ हे नवे नाव दिले, असे जॉन्स्टन सांगत. हिल्टन एडवर्ड्स आणि मिहॉल मॅक लिअमोर यांनी १९२८ मध्ये सुरू केलेल्या गेट थिएटर या नव्या संस्थेने ते १९२९ मध्ये सादर केले. तो प्रयोग पीकॉक या छोट्या नाट्यगृहात झाला आणि पीकॉक हे ॲबीच्याच वास्तूतील नाट्यगृह होते. मोठ्या दालनातून परत गेलेली संहिता त्याच वास्तूतील लहान दालनात उजळली. शहरात दुसरी संस्था उभी राहिल्यामुळे एका वाचकाचा नकार अंतिम ठरला नाही. १९२२ मध्ये ओ’केसी यांच्यासमोर असा पर्याय जवळपास नव्हता. १९२८ मध्ये लंडन होते.

समारोप

ॲबीच्या या दोन नकारांची तुलना केली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. १९२२ आणि १९२८ या दोन्ही वेळी लेखकाला कारणे सांगितली गेली. कारणे देणारा नकार हा मौनापेक्षा निश्चितच श्रेयस्कर होय. परंतु कारणे पुरेशी नसतात. पहिल्या वेळी दोषांबरोबर लेखकाचे बळही त्याला दाखवले गेले आणि पुढची संहिता वाचली जाईल याविषयी शंका ठेवली गेली नाही. दुसऱ्या वेळी निवाडा पूर्ण होता. लेखकाने पुढे काय करावे, यापेक्षा त्याने काय करू नये, यावर त्याचा भर होता.

दुसरी गोष्ट निकषाविषयी आहे. ज्या निकषाने संस्थेला ओळख दिली आणि नवोदिताला शिस्त लावली, तोच निकष नव्या रूपबंधापुढे अपुरा पडला. नाटक आपल्याला न समजणाऱ्या जातीचे आहे, ही १९२२ मधील येट्स यांची कबुली परीक्षकाच्या प्रामाणिकपणाची खूण होती. १९२८ च्या पत्रात तशी शंका दिसत नाही. येट्स यांचे रचनाविषयक आक्षेप सर्वस्वी निराधार होते असे नव्हे. या नाटकाविषयीची मते पुढेही विभागलेली राहिली. तथापि, दोषयुक्त नाटक रंगमंचावर येऊन लेखकाला शिकवू शकते, हा लेडी ग्रेगरी यांचा १९२२ मधील विचार १९२८ मध्ये कोणी नेटाने मांडला नाही. स्टार्की यांनी तो मांडला, पण निर्णयानंतर.

लहान नाट्यसंस्थेचे भांडवल तिच्या इमारतीत वा अनुदानात जितके असते, त्याहून अधिक ते तिच्या वाचकांत असते. ॲबीने एका मजुराच्या अपुऱ्या संहिता धीराने वाचल्या म्हणून आधुनिक आयरिश रंगभूमीला तिची तीन महत्त्वाची नाटके लाभली. तो धीर एका वसंतात सुटला आणि तोच लेखक पुढची छत्तीस वर्षे दुसऱ्या देशात राहून लिहीत राहिला. हाती आलेले नवे लेखन तपासणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही नकार शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, इतके ते बोधप्रद आहेत.